रुखवतातला बर्फाचा डोंगर

माजलगावची विहीण आमच्या ओसरीवर बसून शेंगापोळी खात होती आणि भिंतीवरच्या माझ्या नातीच्या, शिवांजलीच्या चित्रांकडं बघत होती. बघणं कसं, तर आमच्या कापडदुकानात न घेणारं गिऱ्हाईक साड्यांकडं बघतं तसं. हात लावायचा नाही, मान एकीकडून दुसरीकडं फिरवायची आणि चहाची वाट बघायची.

शिवांजलीची आणि तिच्या अमरनाथची सुपारी फुटून आठ दिवस झाले होते. रुक्मिणीबाई म्हणजे अमरनाथची आई. माजलगावला त्यांची धान्याची आडत आहे. त्या घरात नवरा बोलतो, मुलगा बोलतो, पण होतं ते रुक्मिणीबाईंच्या मनासारखं. हे मला पहिल्या भेटीतच कळलं. कारण आमच्या घरातही तसंच आहे, फक्त इथं ती बाई मी आहे.

"पोरगी गुणाची हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "ही चित्रंबित्रं लग्नाआधी टाइमपास म्हणून ठीक हाय म्हणा. आमच्याकडं सकाळपासून माणसाचा राबता. तिथं कुठं ब्रश धरायला वेळ मिळायचा?"

शिवांजली पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं तोंड उतरलेलं मी बघितलं. पोरगी अंबाजोगाईला राहून चित्रकलेची शिक्षिका होऊन आली. गल्लीतल्या पोरांना रविवारी शिकवते. लग्नाला हो म्हणताना तिनं एकच मागितलं होतं, की सकाळचा थोडा वेळ आणि एक कोपरा चित्रासाठी असू द्या. अमरनाथनं मान हलवली होती. पण त्या घरात त्याच्या मानेला किती वजन, ते आत्ता कळत होतं.

आता चित्राला टाइमपास मी पण म्हणत होते. एवढ्या रंगात दोन लुगडी रंगली असती, असंही म्हणत होते. पण मी म्हणणं वेगळं. ती माझी नात आहे. परक्या बाईनं माझ्या ओसरीवर, माझी शेंगापोळी खाऊन म्हणावं हे मला सोसलं नाही.

"टाइमपास?" मी म्हणलं. "विहीणबाई, टाइमपास असता तर मी या वयात शिकायला बसले असते का?"

माझी सून वर्षाराणी, शिवांजलीची आई, तुपाची वाटी घेऊन आली होती, ती तशीच थांबली.

"तुमी शिकता?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"शिकते की! ते मधलं चित्र बघताव का, बर्फाचा डोंगर? जपानचं हाय. तेच बघून काढायला घेतलंय. लई अवघड काम हाय. हाताला वळण लागाया वर्सं लागतात."

रुक्मिणीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. बाई हुशार आहे, खोटं कुठं आहे ते तिला वासावरून कळतं. हसून म्हणाली, "मग रुखवतात मांडा की. तुमच्या हातचं. समद्यांच्या म्होरं बघू. खरंच इतकं अवघड असंल, तर सूनबाईला वेळ द्यायचा का न्हाई ह्येचा आमाला पण विचार करावा लागंल."

"मांडते," मी म्हणलं.

विहीण गेली तशी शिवांजली माझ्यासमोर येऊन बसली.

"आजी, तू काय बोललीस?"

"ऐकलंस की."

"तू जन्मात कधी ब्रश धरला न्हाईस."

"धरलाय. तुझ्या आजोबाच्या दाढीचा."

आतून खोकल्याचा आवाज आला. आमचे मालक, गुरुलिंगअप्पा, पाहुण्यांसमोर कमी बोलतात आणि पाहुणे गेले की उट्टं काढतात. बाहेर येऊन म्हणाले, "शांते, फोन लाव आन सांग, मस्करी केली म्हणून."

"मस्करी? मी?"

"न्हाई, ते बी खरंय," म्हणाले आणि टोपी घालून दुकानाला गेले.

रुखवत कसं असतं ते बायकांना सांगायला नको. मंडपात टेबलावर मांडायचं, मोत्याची तोरणं, सुपाऱ्यांची बाहुली, साखरेचे दागिने, आणि सगळं नवरीच्या हातचं म्हणून सांगायचं. निम्मं शेजारणीनं केलेलं असतं, निम्मं मावशीनं. हल्ली तर परळीच्या दुकानातून तयारच आणतात. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी विचारत नाही. पण इथं विहिणीनं नाव घेऊन मागितलं होतं. माझं तोंड खोटं पडलं असतं ते मी गिळलं असतं एक वेळ. पण मी खोटी पडले की चित्र काढणं सोपं आहे हे रुक्मिणीबाईंचं खरं होणार होतं, आणि पोरीचा ब्रश इथं आमच्या सिरसाळ्यातच राहणार होता.

"शिकवीन," शिवांजली म्हणाली. "पण मी सांगेन तसंच करायचं. उलट बोलायचं नाही."

मी कबूल केलं. वर्षाराणी तोंडाला पदर लावून आत पळाली.

ते चित्र आमच्या भिंतीवर कधीपासून होतं, पण मी कधी बघितलंच नव्हतं. पोरीच्या सरांनी तिला दिलेली ती छापील प्रत होती. जपानात म्हणे पूर्वी लाकडावर कोरून अशी चित्रं छापत. मोठा डोंगर, पांढरा. वर निळं आकाश, माथ्यावर गडद आणि खाली उतरत उतरत पातळ होत गेलेलं. उतारावर काळीहिरवी टोकदार झाडं. पायथ्याला दोन झोपड्या, लाकडी पूल आणि पुलावर गवताची टोपी घातलेला एक माणूस. मी बराच वेळ बघितलं आणि मला काळजीच वाटली.

"ह्या गड्याची ज्वारी गेली की गं," मी म्हणलं.

"कुठली ज्वारी?"

"गारपीट झालीय. शेत बघायला निघालाय बिचारा. बघ की कसा वाकून चाललाय."

आमच्याकडं जमीन पांढरी होते ती गारांनीच. तशी झाली की त्या दिवशी गावात चूल पेटत नाही. दुसरा बर्फ मी बघितला तो फ्रीजमधला.

शिवांजली हसली नाही, ते बरं केलं. म्हणाली, "आजी, ही गारपीट न्हाई. तिथं थंडीत दरवर्षी असंच पडतं. पीक आधीच घरात आलेलं असतं. हा माणूस घरी चाललाय."

"पीक आलेलं असतं ना?"

"हो."

"मग हरकत न्हाई," मी म्हणलं, आणि त्यानंतर मला ते चित्र निवांत बघता आलं.

शिकायला बसलो ते मागच्या खोलीत, सकाळी. माझी लिंगपूजा झाली, अप्पा दुकानाला गेले की आम्ही पाटावर कागद चिकटवून बसायचो. पोरीनं सांगितलं, चित्रावर चौकटी आखायच्या, कागदावर तशाच आखायच्या, मग एकेक चौकट बघून उतरवायची. मी म्हणलं, रेघा कशाला ओढायच्या, ठिपके दिले की झालं. चित्राच्या काचेवर मी खडूनं ठिपके दिले, तेवढेच कागदावर पेन्सिलीनं दिले. डोंगराचा माथा या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत, झोपडी दोन ठिपक्यांच्या मधी. दारात रांगोळी काढताना रोज इतकी वर्सं मी हेच करत आलेय. डोंगर पहिल्या दिवशी जागेवर बसला. शिवांजली म्हणाली, "आजी, झकास!" मी म्हणलं, आता काय उरलं, रंग भरायचा.

पेन्सिल मात्र मी अशी दाबली होती की कागदाच्या मागून हात फिरवला तर डोंगर बोटाला लागत होता.

"पोळपाटावर लाटणं फिरवतेस का?" पोरगी म्हणाली.

"उलट बोलू नको असं कुणी कुणाला सांगितलंय?"

"मला न्हाई सांगितलेलं. तुला सांगितलंय."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मायलेकी ब्लाऊज शिवायला टाकायला परळीला गेल्या होत्या. शिवांजली जाताना म्हणाली, रंगाला हात लावू नको, मी आल्यावर बघू. आता घरात मी एकटी, कागद समोर, रंगाची पेटी समोर. माझ्याच्यानं बसवलं नाही. अंगण जसं आधी सारवून घेतात तसा मी आधी सगळा कागद निळ्या रंगानं सारवून घेतला, कडेपासून कडेपर्यंत, कुठं फट ठेवली नाही. छान एकसारखा बसला. मग बर्फासाठी पांढरा रंग शोधला. पेटीत पांढरा नव्हताच. सगळे रंग होते, पांढराच नव्हता. मला वाटलं, बर्फाच्या चित्रात पांढरा वापरून वापरून संपला असंल.

रांगोळी टाकून बघितली, ती घरंगळली. चुना घरात नव्हता. मग मला देवघरातली विभूती आठवली.

विभूतीचं असं असतं की ओली असताना ती दिसत नाही. बोटं भिजवून वडीवर घासायची, कपाळावर ओढायची. आधी काहीच नाही, आणि वाळत गेली की पांढरीशुभ्र उमटते. मला वाटलं, बर्फाला याहून चांगलं काय असणार? देवाला हात जोडले. म्हणलं, कैलासाचाच डोंगर आहे असं समजून घे. आणि तीन बोटं भिजवून डोंगरावर ओढली. एका शिखरावर, मग दुसऱ्यावर, मग उतारावर. ओलं होतं तोवर काही दिसंना. मी हात धुऊन आले, वाती वळत बसले. आणि खरंच सांगते, हळूहळू तो डोंगर पांढरा होत गेला. कुणी काही न करता, माझ्या डोळ्यांसमोर.

मला इतका आनंद झाला की मी दुकानातून अप्पांना बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा लावला, पाटाच्या एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"शांते," म्हणाले, "डोंगराला दीक्षा दिलीस का गं?"

मग मला दिसलं. प्रत्येक शिखरावर तीन आडव्या पट्ट्या. डोंगर कसला, आमच्या मठातल्या स्वामींचं कपाळ.

"कावून हसताव? लांबून बघा, लांबून बर्फ दिसतो," म्हणत मी पाट उचलून उभा धरला. तसा सगळा बर्फ भुरभुर खाली आला, माझ्या लुगड्यावर. खालचा कागद पापडासारखा फुगलेला.

"वितळला," अप्पा म्हणाले आणि गेले.

शिवांजली आली तेव्हा कागद मी गादीखाली घातला होता, पण लुगड्याचं काय करणार? तिनं माझ्या मांडीकडं बघितलं, देवघराकडं बघितलं.

"आजी, पांढरं कुठून आणलंस?"

"तुझ्या पेटीत नव्हतं म्हणून आणलं. चित्र शिकवायला बसलीस आन पांढरा रंग ठेवत न्हाईस."

"मुद्दामच ठेवला न्हाई," ती म्हणाली. भिंतीवरचं चित्र काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं आणि डोंगरावर माझं बोट फिरवलं. "इथं बघ. इथं रंगच न्हाई. हा कागद हाय. बर्फ कुणी काढलेलाच न्हाई. आकाश काढलंय, झाडं काढलीत, सावली काढलीय. ह्या सगळ्यांनी जी जागा सोडली, तो बर्फ."

"म्हणजे बर्फ काढायचाच न्हाई?"

"न्हाई. झाकायचा न्हाई, एवढंच."

मी खूप वेळ त्या डोंगराकडं बघत बसले. आमच्यात असं नसतं. अंगण आधी सारवायचं, मग रांगोळी. भिंत आधी लिंपायची, मग चुना. पांढरं शेवटी येतं आणि वरून येतं. ते आणावं लागतं. इथं ते पहिल्यापासूनच बसलेलं, आणि आपण सगळ्यांनी त्याला धक्का न लावता बाजूनं जायचं. मला वाटलं, हे सोपं आहे. काही न करणंच तर आहे.

हाताला ते सांगून बघा. आकाश भरताना माझा ब्रश डोंगराच्या कडेला आला की आत जायचाच. झाडाची सावली द्यायला जावं तर उतार अर्धा काळा. कोरी जागा दिसली की हाताला खाज सुटायची. कागदामागून कागद गेले. अप्पा जेवायला आले की डोकावून जायचे. एकदा म्हणाले, "तुला मोकळी जागा सोडायची सवय कुठं हाय? बोलताना तरी सोडतीस का?"

"तुमी सोडता तेवढी पुरते घराला," मी म्हणलं. पण ते म्हणाले ते डोक्यात राहिलं.

शेवटी पोरीनं युक्ती काढली. म्हणाली, ब्रश कडेला आला की तोंडानं म्हणायचं, इथं न्हाई. मग मी बसायची पुटपुटत, "इथं न्हाई, इथं न्हाई, ह्या अंगाला जा, इथं न्हाई." वर्षाराणी एकदा घाबरून आली, तिला वाटलं मागच्या दारात कुणी भिकारी आलाय आणि मी त्याला हाकलतेय.

पण त्यानं जमलं. आणि आकाश तर मला लवकर जमलं. कागद आधी नुसत्या पाण्यानं ओला करायचा, पाट तिरपा धरायचा, वर गडद निळा लावायचा आणि त्याला आपसूक खाली उतरू द्यायचं. पूर्वी धोतराला नीळ घालायचो, तेव्हा नीळ पाण्यात कशी पसरते ते मी बघितलेलं. घाई केली तर डाग पडतो. एके दिवशी तसं आकाश उतरलं, वर गडद, खाली नुसता श्वास, आणि त्याच्याखाली माझा डोंगर कोरा उभा. बाहेरून उसाच्या गाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या, रस्त्यावर धुरळा, हॉर्न. मला काही ऐकू आलं नाही. थंडगार वाटलं. मी आणि पोरगी दोघी ते वाळेपर्यंत तिथंच बसलो.

मला तेव्हा कळलं की पोरगी रोज सकाळी कुठं जायची. घरातच असायची, पण इथं नसायची.

आकाश जमलं म्हणजे चित्र जमलं असं नाही. फाल्गुन लागला, लग्न तोंडावर आलं, आणि माझा पूल काही सरळ होईना. शिडी आडवी पाडल्यासारखा दिसायचा. झाडं म्हणजे उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या. आणि तो माणूस! शिवांजली एका फटकाऱ्यात त्याला चालता करायची. माझा माणूस पुलावर बसलेला वाटायचा, तेही पोट दुखत असल्यासारखा. शेवटचा कागद मी सगळ्यात सावकाश केला. त्यात बर्फ चांगला होता. बाकी जे होतं ते होतं.

वर्षाराणी माझ्याशी कधी वर तोंड करून बोलत नाही. त्या दिवशी ती जुन्या साडीत काहीतरी गुंडाळून घेऊन आली आणि माझ्यापुढं बसली.

"आत्याबाई, रागवू नका."

"रागवायसारखं असंल तर रागवेन. दाखव."

तिनं साडी उलगडली. डोंगराचं चित्र. आकाश, झाडं, झोपड्या. पूल जरासा वाकडा, झाडं जराशी जाड, माणूस थोडा अवघडलेला. पण बघत राहावं असं.

"शिवांजलीनं केलंय," वर्षाराणी म्हणाली. "तुमच्या नावानं मांडू. रुखवतात समदेच असं करतात. विहीणबाईला काय कळणार? तुमचा शब्द पण राहील."

मी पोरीला हाक मारली. ती आली आणि दारातच उभी राहिली.

"हा पूल मुद्दाम वाकडा केलास?"

"हो."

"कावून?"

"तुझा वाटावा म्हणून." ती खाली बघून बोलत होती. "लई प्रयत्न केला, आजी. वाकडं काढायला जास्त वेळ लागला."

"वाकडा कुठं झालाय? तुझं वाकडं पण सरळ हाय," मी म्हणलं. "माझं बघ. ह्येला वाकडं म्हणतात."

मी माझा कागद तिच्या चित्राशेजारी ठेवला. तिघीही बघत बसलो. वर्षाराणीनं हसू दाबलं ते मला दिसलं, आणि मी तिला काही बोलले नाही, कारण हसण्यासारखंच होतं.

सिरसाळ्यात माझ्या हातच्या कशालाही आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. पुरणपोळी असो, गोधडी असो. बायका बघायला येतात. आता दोन गावांच्या बायकांसमोर माझ्या नावानं पोटदुख्या माणूस मांडायचा, ह्या विचारानंच कानाला गरम लागत होतं. आणि दुसरीकडं हे तयार चित्र. नुसतं नाव लिहायचं. माझा शब्द राहिला असता, मान राहिली असती.

पण मग ते दोन कागद शेजारी शेजारी बघता बघता मला दुसरंच दिसायला लागलं. आम्ही दोघींनी बघितलं ते एकच चित्र, ठिपके तेच, रंग तेच, पाट पण तोच. आणि एवढं अंतर. मी रुक्मिणीबाईंना म्हणाले होते, लई अवघड काम आहे. ते ह्या अंतरात दिसत होतं. एकट्या चित्रात दिसलं नसतं, ना तिच्या ना माझ्या.

"हे फाड," मी म्हणलं.

"कुठलं?"

"तुझं. हे लबाडीचं. मी हा खटाटोप कावून केला? तुझा हात लपवायला? आता बस आन तुला येतं तसं काढ. काही हातचं राखू नको. पूल सरळ, माणूस चालता. दोन्ही शेजारी मांडायची. तुझ्याखाली तुझं नाव, माझ्याखाली माझं."

"आजी, लोक हसतील."

"हसू दे. मला हसतील तेवढं तुला मानतील."

"आत्याबाई, विचार करा," वर्षाराणी म्हणाली.

"झाला करून. चहा टाक."

मला रात्री पश्चात्ताप झाला नाही असं म्हणणार नाही. पण मागं घेतलेला शब्द मला कधी पचलेला नाही.

लग्न आमच्याच गावच्या मंगल कार्यालयात झालं. रुखवताचं टेबल लांबलचक, सगळं झगमगणारं, आणि मध्यात दोन चित्रं, काचेत घालून. खाली मी माझ्या अक्षरात नाव लिहिलं होतं, शांतादेवी. चौथीनंतर पहिल्यांदाच कुठं इतकं मोठं लिहिलं असंल. बायकांची गर्दी तिथंच होत होती. शिवांजलीच्या चित्रासमोर म्हणायच्या, "अगं बाई!" आणि माझ्या चित्रासमोरून पुढं सरकायच्या. एक तरुण पोरगी आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "हे कुण्या बारक्या पोराचं दिसतं." मी तिच्या मागंच उभी होते.

"बारक्या पोराचं न्हाई. नवरीच्या आजीचं," मी म्हणलं. ती पळालीच.

मग रुक्मिणीबाई आल्या, पाचसहा बायका मागं घेऊन. पैठणीत, डोळ्यांवर चष्मा. आधी शिवांजलीच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग माझ्यासमोर. मग परत तिच्या.

"हे तुमचं?" त्या म्हणाल्या.

"माझं."

"एकटीनं केलं?"

"बघून कळत न्हाई का?"

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. वाकून त्यांनी माझा पूल बघितला, माझा माणूस बघितला. मला वाटलं जमीन दुभंगली तर बरं होईल, पण मी पदर सारखा करून उभी राहिले.

"किती दिवस बसला होता?"

"थंडी आली तवापासनं. रोज सकाळी. तुमी घरी आला होता त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं."

"म्हणजे मी आले तवा..."

"तवा मी ब्रश धरला नव्हता," मी म्हणलं. "आता धरलाय. म्हणून तवा बोलले ते आता खात्रीनं बोलते. लई अवघड हाय, विहीणबाई. एवढं बसून मला हे आलं. ते तिला येतं. आता बघा तुमी."

रुक्मिणीबाई पुन्हा शिवांजलीच्या चित्राकडं वळल्या आणि बोट लांबूनच पुढं करून म्हणाल्या, "ह्या बर्फाला कुठला रंग लावलाय?"

"कुठलाच न्हाई. कागद हाय तो."

"काही न लावता?"

"काही न लावता. तेच शिकाया माझा जीव गेला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मागं न बघताच आपल्या जावेला म्हणाल्या, "वरच्या खोलीतल्या रिकाम्या गोण्या खाली आणायला सांग. उजेड चांगला हाय तिथं."

"आन सकाळी?" मी म्हणलं. मी असं अर्धं सोडत नसते.

"सकाळचा चहा माझ्या हातचा पितेत आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "चहा होईस्तोवर वेळ तिचा. त्याच्या फुडं मग सूनबाईनं घरचं बघायचं. झालं समाधान?"

"झालं."

शिवांजली तिकडं हळदीच्या अंगानं खुर्चीवर बसली होती, तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. मी लांबूनच तिला मान हलवून दाखवली. तिनं लगेच डोळे पुसले, तर तिची मैत्रीण काजळ गेलं म्हणून तिच्यावर ओरडायला लागली.

रुखवत मुलीबरोबर सासरी जातं. संध्याकाळी टेम्पोत सामान भरताना मी उभी होते. पोरीचं चित्र चादरीत गुंडाळून भांड्यांच्या मधे नीट बसवलं. माझं उचलायला गेले तर ते जागेवर नव्हतं. बघते तर रुक्मिणीबाई जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या आणि ते त्यांच्या मांडीवर.

"ते टेम्पोत जाऊ द्या की," मी म्हणलं.

"राहू द्या. हे मी बैठकीत लावणार हाय. आमच्याकडं येणारं जाणारं लई. कुणी म्हणलं, सूनबाई काय चित्रं काढीत बसतीय, त्यात काय अवघड हाय, तर त्याला हे दाखवीन. म्हणंन, ही आमची विहीण, रोज सकाळी बसली तरी तिला एवढंच आलं."

जीपमधल्या बायका खळखळून हसल्या. आमचे अप्पा पण हसले, मी बघितलं.

"दाखवा," मी म्हणलं. "पण खालचं नाव झाकू नका. मोठ्यानं वाचायला लावा."